इतिहासाच्या तासाला भूमिकाभिनय घेताना या चुका टाळा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातील कोणत्याही शाळेत डोकावून पाहावे. आईच्या नऊवारीत अडखळणारी एखादी मुलगी हात जोडून उभी राहते, ‘मी सावित्रीबाई, माझा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला’ अशी सुरुवात करते आणि दोन मिनिटांत ‘१० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या साथीत माझे निधन झाले’ हेही स्वतःच सांगून टाळ्या घेऊन जाते. स्वतःचे निधन सांगणाऱ्या त्या पात्राचे कोणालाही आश्चर्य वाटत नाही, इतकी आपल्याला त्याची सवय झाली आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांना मी २२ वर्षे इतिहास शिकवते आहे आणि पुढे ज्या चुका सांगणार आहे, त्यांतील बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत. त्यामुळे या लेखात कोठे राग दिसला, तर त्यातील निम्मा माझ्या स्वतःवरचा आहे असे समजावे.

प्रश्नपत्रिकेत आपण ‘कार्य स्पष्ट करा’ असे विचारतो आणि भूमिकाभिनयातही मुलांकडून तेच उत्तर वदवून घेतो. पण भूमिकाभिनयातून दाखवायचा असतो तो प्रभाव. कार्य म्हणजे त्या व्यक्तीने काय केले. प्रभाव म्हणजे तिच्यामुळे दुसऱ्या कोणाच्या तरी घरात, वागण्यात, निर्णयात काय बदलले. तो दुसरा माणूस वर्गात उभाच केला नाही, तर प्रभाव दाखवणार कोणावर?

थोर व्यक्तीलाच मध्यभागी उभे करणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत लाडकी चूक आहे. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गासाठी मी १८४८ मधील भिडे वाड्यातील मुलींच्या शाळेचा प्रसंग एका रात्रीत लिहून काढला. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई आणि त्या सोबत दुसरे लुगडे बाळगत, ही हकिकत सर्वांना ठाऊक असतेच. तोच मी प्रवेशाचा कळस ठरवला. चिखलासाठी खाकी कागदाचे बोळे करायचे ठरले. ‘फेकणारे कोण होणार?’ असे विचारताच वर्गातील झाडून सारे मुलगे हात वर करून उभे राहिले, आणि तेथेच मी थांबायला हवे होते. तालमीत बोळ्यांची संख्या रोज वाढत गेली. प्रत्यक्ष प्रयोगाच्या दिवशी एका उत्साही मुलाने बागेतील कुंडीतून खरी माती भिजवून आणली आणि तो गोळा सावित्रीबाई झालेल्या मुलीच्या चष्म्यावर जाऊन बसला. वर्ग खदखदून हसला. ती मुलगी रडली नाही, तिने उरलेले संवादही पूर्ण केले. मात्र दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिच्या आईला फोन करताना माझ्या तोंडून धड वाक्य निघत नव्हते.

खरी शिक्षा त्यानंतर घटक चाचणीत मिळाली. ‘सावित्रीबाईंच्या कार्यामुळे समाजात कोणता बदल झाला?’ या प्रश्नाला निम्म्याहून अधिक मुलांनी ‘लोक त्यांच्यावर शेण फेकत असत’ एवढेच उत्तर लिहिले होते. मुलांचे काहीच चुकले नव्हते. मी त्यांना जे करायला लावले, तेच त्यांच्या लक्षात राहिले.

पुढच्या वर्षी मी सावित्रीबाईंची भूमिका कोणालाच दिली नाही. फळ्याजवळ एक रिकामी खुर्ची ठेवली आणि वर्गाचे पाच-पाच, सहा-सहा जणांचे गट करून प्रत्येक गटाला १८४८ मधील पुण्याच्या पेठेतील एक घर दिले. घरात वडील, आई, आजी, शेजारी आणि एक मुलगी. मुलीला शाळेत पाठवायचे की नाही, एवढाच प्रश्न. शिकलेली बाई विधवा होते, ही त्या काळी रूढ असलेली समजूत आजीला सांगितली. जोतीराव आणि सावित्रीबाईंना १८४९ मध्ये याच कामापायी वडिलांचे घर सोडावे लागले, ही बातमी पुढच्या फेरीत शेजाऱ्याच्या तोंडी दिली. निर्णय मी लिहून दिला नव्हता. तीन घरांनी मुलीला पाठवले नाही, दोघांनी पाठवले आणि एका घरात आजोबा झालेल्या मुलाने ‘आधी वाण्याच्या मुलीला जाऊ दे, मग बघू’ असे सांगून सर्वांनाच गप्प केले. कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसलेले ते वाक्य त्या काळाविषयी पुष्कळ काही सांगून गेले.

त्यानंतरच्या तासाला मुक्ता साळवे वर्गात आणावी. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. ज्या धर्माचे ग्रंथ आम्हाला पाहण्याचीही मुभा नाही, तो धर्म आमचा कसा, असा तिचा रोकडा सवाल आहे. निबंध लिहिताना ती साधारण आपल्या वर्गातील मुलींच्याच वयाची होती, हे सांगितल्यावर वर्ग काही क्षण शांत होतो. ज्या घरांनी मुलीला पाठवले नव्हते, त्या घरांना मी तो निबंध वाचायला देते आणि पुन्हा बसून बोलायला सांगते. प्रभाव हा शब्द तोपर्यंत मी फळ्यावर लिहीत नाही.

विरोधकाला मूर्ख किंवा खलनायक करणे

मुलांना बाजू घ्यायला आवडते आणि घाईतल्या शिक्षकाला ते सोयीचे वाटते, कारण एकाला चांगले व दुसऱ्याला वाईट ठरवले की प्रवेश पटकन उभा राहतो. टिळक आणि आगरकर यांच्या वादावर मी असाच एक तास घेतला होता. टिळक झालेला मुलगा आवाजाचा भरदार होता, आगरकर झालेला मुलगा मुळातच हळू बोलणारा. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, हा प्रश्न बाजूला राहिला आणि ज्याचा आवाज मोठा त्याला टाळ्या मिळाल्या. शेवटी ‘कोण जिंकले?’ असे मीच विचारले, ही त्यावर कडी होती. त्या प्रश्नाची आठवण झाली की आजही मला संकोच वाटतो.

आता मी सुरुवात भांडणापासून करत नाही. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांसोबत दोघेही होते. १८८१ मध्ये ‘केसरी’ हे वृत्तपत्र निघाले, तेव्हा त्याचे संपादन आगरकर करीत होते. कोल्हापूरच्या दिवाणांवर केलेल्या टीकेच्या खटल्यात १८८२ मध्ये दोघांनी मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. म्हणून पहिला प्रवेश त्या तुरुंगातला असतो. दोन मित्र, एक कोठडी आणि बाहेर गेल्यावर काय करायचे याचे बोलणे. दुसरा प्रवेश १८८८ मधला, जेव्हा ‘केसरी’ सोडलेले आगरकर ‘सुधारक’ सुरू करतात. तिसऱ्या प्रवेशात दोघे नसतातच. त्यात एक कारकून, एक विद्यार्थी, एक विधवा सून आणि एक छापखान्यातील जुळारी असतो; दोन्ही वृत्तपत्रे त्यांच्या हातात पडतात आणि प्रत्येकाने कोणते पत्र घरी न्यायचे व कोणते लपवायचे, हे ठरवायचे असते. सून झालेल्या मुलीने एकदा ‘दोन्ही लपवीन, पण वाचीन’ असे सांगितले होते.

मध्येच भूमिका बदलायला लावणे ही माझी सवय आहे. दहा मिनिटे टिळकांची बाजू मांडलेल्या मुलाने पुढची दहा मिनिटे आगरकरांची मांडायची. मुले कुरकुरतात, पण माझे म्हणणे मात्र खरे, असा ताठा त्याने बराच उतरतो.

अपमानाचा अभिनय आणि आडनावावरून पात्रवाटप

येथे मी फार बोलणार नाही. गळ्यात मडके, कमरेला झाडू, पाणी नाकारणे, केशवपन, असले प्रसंग मुलांकडून करवून घेऊ नयेत. ते वाचून, चित्रावरून, बोलून शिकवता येतात. एका शाळेत शिक्षकांनी मुलांच्या आडनावांवरून भूमिका वाटल्याचे मी स्वतः पाहिले आहे आणि ‘तसे केले की मुलांना जवळचे वाटते’ हे त्यांचे स्पष्टीकरणही ऐकले आहे. मी चिठ्ठ्या टाकते. मुलगी टिळक होते, मुलगा आजी होतो आणि कोणाचेही काही बिघडत नाही.

तयार संवाद उचलणे

मोबाइलवर फिरणारे संवाद आणि आता यंत्राकडून मिनिटभरात लिहून घेतलेल्या संहिता, यांचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. त्यांत प्रत्येक थोर पुरुष एकाच सुरात बोलतो, प्रत्येकाच्या तोंडी देश, त्याग आणि उज्ज्वल भविष्य असते, आणि पुष्कळदा त्या व्यक्तीने कधीच न उच्चारलेली वाक्ये तिच्या नावावर खपवलेली असतात. नवे शिक्षक म्हणतात, वेळ नसतो. वेळ मलाही नसतो. ३५ मिनिटांचा तास सर्वांना सारखाच आहे. मी संवाद लिहून देतच नाही. प्रत्येक पात्राला पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर तीन ओळी देते: तू कोण आहेस, तुला काय हवे आहे, तुला कशाची भीती वाटते. तिसरी ओळ लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो. मूल अडखळले, तर ‘थांबा’ म्हणून पुस्तक उघडण्याची मुभा असते. पाठ केलेले भाषण विसरल्यावर होणारी रडारड त्यामुळे टळते.

एकाच माणसावर गोष्ट संपवणे

कर्वे यांचा धडा घेताना ही चूक हमखास होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, अशी सनावळी एका मुलाने म्हणायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. त्या विधवेचे नावही मुलांना माहीत नसते. गोदूबाई या पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातील सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. म्हणजे कर्व्यांच्या घरात रमाबाईंचा प्रभाव गोदूबाईंच्या पावलांनी आला. गोदूबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले पुढे आश्रमासाठी निधी गोळा करत गावोगावी आणि थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. महिला विद्यापीठाची कल्पना मनात असताना कर्व्यांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका होती. ही सारी माणसे आणि ती पुस्तिकासुद्धा मी पात्रे म्हणून वर्गात उभी करते. प्रत्येकाच्या हातात सुतळीचे टोक असते आणि ‘मला हे कोणाकडून मिळाले’ असे सांगत त्याने ती दुसऱ्याकडे न्यायची. मुलांचा गुंता होतो, सुतळी तुटते, पण मुलांचे बोट केवळ कर्व्यांवर थांबत नाही. कर्व्यांचा पुण्यातील हिंगण्याचा आश्रम शाळेपासून फार लांब नसेल, तर मुलांना एकदा तेथवर नेऊन आणावे; शहरापासून तेथपर्यंतची वाट कर्वे चिखलातून रोज पायी तुडवत असत, हे रिक्षात बसून सांगण्यापेक्षा चालताना सांगितलेले बरे.

किरकोळ, पण रोजच्या चुका

वेशभूषेसाठी भाड्याच्या दुकानात जाऊ नये. पगडी आली की मुले पगडीच सांभाळतात. एक उपरणे, एक चष्म्याची काडी आणि गळ्यात नावाची पाटी एवढ्यावर काम भागते. काजळाच्या मिशा तर नकोतच, घामाने त्या कानापर्यंत पसरतात. दरवेळी त्याच खणखणीत आवाजाच्या मुलाला घेऊ नये. वर्ग हसला, तर रागावू नये. कशाला हसलात, एवढेच विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. लाजाळू मुलांना बोलण्याची सक्ती करू नये, त्यांना बातमीदार करून काय पाहिले ते लिहायला सांगावे. त्यांची टिपणे बहुधा सर्वांत नेमकी असतात. स्नेहसंमेलनाची तालीम आणि इतिहासाचा तास यांची गल्लत करू नये.

भूमिकेतून बाहेर न काढणे

ही चूक केवळ घंटेमुळे होते. कर्व्यांनी विधवेशी विवाह केल्यावर मुरूड या त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, त्या गावसभेचा प्रवेश आम्ही एका शुक्रवारी केला होता. गावचा मुख्य झालेल्या मुलाने बहिष्काराचा ठराव इतक्या ठामपणे वाचला, की वर्गाला ते फारच आवडले. घंटा झाली, पुढचा तास गणिताचा होता, गणिताचे शिक्षक दारात उभे होते आणि मी पाट्या गोळा न करताच निघून गेले. सोमवारपासून वर्गात त्या मुलाचे नाव ‘बहिष्कार’ पडले. डब्याच्या वेळी मुले त्याच्याजवळून गंमत म्हणून उठून जाऊ लागली, आणि ती गंमत मला गुरुवारपर्यंत कळलीच नाही. तो स्वतः काही बोलला नाही. त्याच्या बाकावरील मैत्रिणीने शिक्षक दालनात येऊन सांगितले.

तेव्हापासून तासातील शेवटची दहा मिनिटे मी कशालाही देत नाही. प्रवेश अर्धा राहिला तरी चालेल. प्रत्येकाने गळ्यातील पाटी काढून टेबलावर उपडी ठेवायची, स्वतःचे नाव मोठ्याने सांगायचे आणि ‘मी झालो होतो त्या माणसाचे मला काय पटले नाही’ हे एका वाक्यात सांगायचे. मुरूडचा ठराव वाचण्यासाठी आता मी चिठ्ठी टाकत नाही. तो मी स्वतः वाचते.