डोमेन एपीआयचं डॉक्युमेंटेशन लिहायला बसताना

फर्मागुढीच्या कॉलेजातून पास होऊन पणजीत आमच्याकडे रुजू होणाऱ्या मुलांना पहिलंच काम डॉक्युमेंटेशनचं मिळालं की तोंडं उतरतात. उतरू देत. डोमेन रजिस्ट्रेशनचा एपीआय (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) आतून कळायला याहून चांगलं काम नाही.

याचा पाया ईपीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे डोमेन विकणाऱ्याने रजिस्ट्रीशी (नावांची मूळ नोंद ठेवणाऱ्या संस्थेशी) बोलायचे नियम. ते ज्यात लिहिलेत ते २००९ चे आरएफसी (इंटरनेटचे मानक दस्तऐवज) ५७३० ते ५७३४ आधी वाचून काढा, कितीही रटाळ वाटले तरी. प्रत्येक एक्सएमएल मेसेजच्या आधी चार बाइटमध्ये लांबी जाते आणि त्या लांबीत हे चार बाइटही धरायचे असतात. एवढं एक वाक्य राहिलं तर वापरणाऱ्याचा अख्खा दिवस कनेक्शन का अडकतंय हे शोधण्यात जातो.

फील्डचं नाव आणि पुढे ‘स्ट्रिंग’ लिहून भागत नाही. फोनच घ्या. आपण ०८३२ लावून नंबर सांगतो. इथे हवं +९१.८३२ आणि पुढे सात आकडे. शून्य गाळायचं, टिंब ठेवायचं, स्पेस नाही. पत्त्याला रस्त्याच्या ओळी फार तर तीन. घर नंबर, वाडा, देवळाच्या मागे असा आपल्याकडचा पत्ता त्यात बसवून दाखवा.

खरा वेळ रिन्यूवर, म्हणजे मुदत वाढवायच्या कमांडवर, घाला. या कमांडमध्ये डोमेनची सध्याची मुदत पाठवावीच लागते. नवख्यांना हे उगाचचं वाटतं. पण समजा कमांड पोचली, काम झालं आणि उत्तर येण्याआधी नेट गेलं (पावसाळ्यात हे वेगळं सांगायला नको). क्लायंट तीच कमांड पुन्हा पाठवतो. मुदत एव्हाना पुढे सरकलेली, जुनी तारीख जुळत नाही, म्हणून दुसऱ्यांदा पैसे कापले जात नाहीत. हे कारण फील्डशेजारीच लिहा. आणि वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या साडेपाच तास मागे) असतात हेही. १४ मार्चला यूटीसी २० वाजता संपणारं डोमेन आपल्या घड्याळात १५ च्या पहाटे दीडला संपतं. स्क्रीनवरची १५ तारीख पाठवली की रजिस्ट्री रिन्यू नाकारणार.

उदाहरणात विनंती आणि उत्तर दोन्ही पूर्ण द्या. १००० हा यशाचा कोड सगळेच दाखवतात. नाव आधीच घेतलेलं असल्याचा २३०२ आणि डोमेनच्या स्टेटसमुळे काम अडल्याचा २३०४ दाखवा. १००१ तर हमखास. तो १ ने सुरू होतो म्हणून लोक ग्राहकाला ‘डोमेन मिळालं’ असं कळवून मोकळे होतात. प्रत्यक्षात काम अजून प्रलंबित असतं. निकाल नंतर पोलच्या रांगेत (रजिस्ट्रीने ठेवलेले निरोप जिथून विचारून घ्यायचे तिथे) येतो आणि पोच दिल्याशिवाय तिथून हलत नाही.