अडकलेला ड्रेन बोल्ट: पाना लावण्याआधीची तयारी

नवा ड्रेन बोल्ट, म्हणजे इंजिनच्या तळाचा, जुनं ऑइल सोडायचा बोल्ट, आणि नवा वॉशर. बाकीची यादी नंतर. घरी दुचाकीचं ऑइल बदलायचं ठरवलंस की आधी स्पेअरच्या दुकानात जाऊन, गाडीचं मॉडेल आणि साल सांगून, या दोन वस्तू आण. जुन्या बोल्टला हात लावायच्या आधी. मागच्या वेळी माझ्याकडे ऑइलचा डबा होता, घमेलं होतं, फनेल होतं, गोटी (सॉकेट) सेट होता. बोल्ट नव्हता. रविवारी संध्याकाळी डोकं गोल झालेला जुना बोल्ट एकदाचा निघाला, तो परत बसवायच्या लायकीचा उरला नव्हता, आणि ज्या गाडीवरून नवा आणायचा तीच ऑइल सांडून मेन स्टँडवर उभी. केएमटीनं, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसनं, तरी कुठं जाणार, दुकानं बंद.

भावा, बोल्ट अडकून बसलाय तोवर गाडी चालते. ऑइल काळं का असेना, आत आहे. हळूहळू गॅरेजपर्यंत जाता येतं. खरी पंचाईत तो निघाल्यावर सुरू होते. म्हणून बोल्ट आधी.

दिवस असा निवड की स्पेअरची दुकानं आणि उद्यमनगरातले लेथवाले दोन्ही चालू असतील, आणि सुरुवात सकाळी कर. आटे गेले तर तिकडंच जायचंय. मोठ्या साइजचा टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून, जाड बोल्ट बसवणं किंवा आत इन्सर्ट (नव्या आट्यांची बाही) घालणं ही त्यांची रोजची कामं आहेत. आपण घरी ड्रिल घेऊन ते करू नये. धातूचा कीस आत पडला तर ऑइलबरोबर इंजिनभर फिरतो.

आता पाने. सहा कोनांची गोटी घे, बारा कोनांची नको. बारा कोनांची फक्त कोपऱ्यांना धरते आणि अडकलेल्या बोल्टचे कोपरे पहिल्या झटक्यात खाते. ॲडजस्टेबल पाना तर घरातच ठेव. माझ्या गाडीला १७ ची लागते. तुझ्या गाडीला कुठली ते आदल्या दिवशी लावून बघ, अंदाजानं नको. गोटी बसवण्याआधी बोल्टवरचा चिखल तारेच्या ब्रशनं काढ. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर तिथं इतका चिखल असतो की गोटी अर्धीच बसते आणि घसरते. लांब दांडा हवा, नसेल तर दांड्यावर चढवायला पाइपचा तुकडा. हातोडी. व्हाइस ग्रिप (घट्ट धरून लॉक होणारी पक्कड). एक साइज लहान गोटी, म्हणजे १७ साठी १६ ची: कोपरे गेलेच तर ती हातोडीनं ठोकून बसवता येते आणि बऱ्याचदा पकडते. अर्थात असा काढलेला बोल्ट भंगारात जातो, म्हणजे नवा हाताशी हवाच. आणलास का?

गंज सोडवायचा स्प्रे आणायचा तर आण, पण त्याच्यावर फार विसंबू नकोस. बोल्टचं तोंड खाली असतं, त्यामुळं मारलेला अर्धा स्प्रे हातावर गळतो. शिवाय आतले आटे ऑइलमध्ये भिजलेलेच असतात. बोल्ट अडकतो तो बहुतेक वेळा आधीच्या माणसानं जीव खाऊन आवळल्यामुळं आणि वॉशर चेंबरला (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भागाला) चिकटल्यामुळं. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथं लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं चेंबर एकमेकांना गंजानं धरून बसलेले असू शकतात. आदल्या रात्रीपासून दोन-तीनदा स्प्रे मार, आणि तरी नाही हलला तर गप गॅरेजला ने. दुधाळ ऑइल निघालं तर आत पाणी आहे, तेव्हा नुसतं ऑइल बदलून भागणार नाही.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट कर. ऑइल पातळ होतं हे सगळ्यांना माहीत आहे; दुसरा फायदा असा की ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळं बोल्टवरची पकड किंचित सैल होते. फार तापवू नकोस. कढत ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येतं, आणि सायलेन्सर तिथं शेजारीच असतो.

दिशा. हसू नको. बोल्टच्या डोक्याकडं तोंड करून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. पण वरून, सीटच्या बाजूनं वाकून पाना मारायला गेलास की डोकं चक्रावतं आणि आधीच अडकलेला बोल्ट माणूस आणखी आवळतो. चेंबरवर खडूनं बाण काढ. आणि खाली दिसणारा प्रत्येक बोल्ट ड्रेनचा नसतो: स्कूटरला मागं गिअर ऑइलचा वेगळा असतो, काही गाड्यांना जाळीचं झाकण असतं, त्यामागून स्प्रिंग उडते. मॅन्युअल बघ.

आधी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे दोन-चार सरळ टोले, नंतर गोटी सरळ आणि पूर्ण बसव. मग दांड्याला छोटा, जोराचा झटका. हळूहळू लोंबकळत जोर लावलास की गोटी तिरकी होते. गाडीला समोरून कुणीतरी धरायला हवं, नाहीतर ती स्टँडवरून तुझ्या अंगावर येईल. दोन-तीन झटक्यांत हलला नाही आणि कोपरे चमकायला लागले, तर थांब. नवा बोल्ट खिशात असेल तर पुढं जा, नसेल तर नको. हीच ती जागा, जिथं मी खिशात बोल्ट नसतानाही पुढं गेलो होतो.

निघाला की जुना वॉशर चेंबरला चिकटून राहिलाय का ते बघ. त्याच्यावर नवा बसवलास तर गळणार. नवा बोल्ट आधी हातानं तीन-चार आटे फिरव, मग पाना. आवळायचा जोर (टॉर्क) साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतो, मॅन्युअलमधला आकडा खरा धर. पुढच्या वेळी तूच तो काढणार आहेस, त्या हिशेबानं आवळ.

बाकी नेहमीचं. मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच ऑइल, दोन मिनिटं इंजिन चालू, बंद करून थोडं थांबायचं, लेव्हल बघायची, खाली गळतंय का बघायचं. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला दे, गटारात नको, ते थेट पंचगंगेत जातं. आणि दुकानातून बोल्ट घेताना वॉशर दोन घे.