रस्ता बंद, एकेरी की रुंद? त्यामागचा आदेश नाशिककरांनी कसा शोधावा

२०२७च्या सिंहस्थाची तयारी म्हटली की रस्ते खोदणे, रुंद करणे आणि वाहतूक वळवणे आलेच. बॅरिकेड लागले की आपण समोरच्या हवालदाराशी वाद घालतो. त्याच्या हातात काही नसते. निर्णय झालेला असतो एका कागदावर, कोणाच्या तरी सहीने आणि कोणत्या तरी कलमाखाली. तो कागद हातात आला तरच आपल्या म्हणण्याला वजन येते.

आधी रस्ता कोणाचा ते बघा. शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेचे आहेत. मुंबई-आग्रा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. काही मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, तर गावाकडचे बरेचसे जिल्हा परिषदेचे असतात. खड्डा, दुभाजक, रुंदीकरण यांबद्दलचा अर्ज रस्त्याच्या मालकाकडे करायचा. एकेरी मार्ग, अवजड वाहनांना बंदी किंवा नो पार्किंग असेल, तर शहर हद्दीत पोलिस आयुक्तालयाची वाहतूक शाखा गाठायची. ग्रामीण हद्दीत असे आदेश साधारणपणे जिल्हाधिकारी काढतात.

मग अधिसूचना मिळवून नीट वाचा. वाहतूक बदलाची अधिसूचना एक-दोन पानांचीच असते, पण सगळे त्यातच असते. सुरुवातीला कायद्याचा आधार दिलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८चे कलम ११५ (वाहनांवर निर्बंध), ११६ (वाहतूक चिन्हे) किंवा ११७ (वाहनतळ) आणि महाराष्ट्र पोलिस अधिनियम, १९५१चे कलम ३३ हे नेहमीचे आधार. त्याखाली कोणता रस्ता, कुठपासून कुठपर्यंत, कोणत्या वाहनांना, किती ते किती वाजेपर्यंत हे दिलेले असते. त्यानंतर पर्यायी मार्ग येतो आणि शेवटी सूट असते. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलिसांची वाहने यांचा उल्लेख तिथे सापडतो. तुमच्या गल्लीतल्या रहिवाशांना किंवा दुकानात माल उतरवणाऱ्या टेम्पोला मुभा आहे का, हेही तिथेच बघायचे. मेन रोड, रविवार कारंजा परिसरातल्या व्यापाऱ्यांसाठी तर हा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा.

मुदतीची ओळ मात्र अजिबात सोडू नका. कलम ११५खालची बंदी एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार असेल, तर ती शासकीय राजपत्रात प्रसिद्ध व्हावी लागते. एक महिन्यापर्यंतच्या बंदीला राजपत्राची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून ‘तात्पुरता’ बदल महिनोन्‌महिने चालू दिसला, तर मुदतवाढीचा आदेश आणि राजपत्रातली प्रसिद्धी मागा.

हरकत लेखी द्या, आणि मुदतीत द्या. बदल प्रायोगिक असेल तर बऱ्याचदा अधिसूचनेतच हरकती व सूचना कधीपर्यंत पाठवायच्या ते सांगितलेले असते. ‘फार त्रास होतो’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या चौकात, कोणत्या वेळी, कोणाची अडचण होते ते लिहा आणि त्यावर तुमचा पर्याय सुचवा. द्वारका चौकाबद्दल लिहायचे तर सकाळचे आणि संध्याकाळचे फोटो वेळेसह जोडा. शाळा, रिक्षा थांबा, दवाखाना असेल तर साध्या नकाशावर खूण करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

नवा रस्ता किंवा रुंदीकरण असेल तर वाट वेगळी. इथे राजीव गांधी भवनातला नगररचना विभाग महत्त्वाचा. तुमच्या गट क्रमांकाचा किंवा सर्व्हे क्रमांकाचा झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी ठेवली आहे ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा मागा. डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता, किती मीटरचा आहे आणि तुमच्या जागेला किती लागतो, हे त्यावरून कळते. जुन्या गावठाणातल्या अरुंद गल्लीत महापालिका अधिनियमाच्या कलम २१०खाली रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची ठरवलेली हद्द, आखलेली असू शकते, तीही विचारा. नाहीतर घर नव्याने बांधायला काढल्यावर ती रेषा पुढे येते.

आराखड्यात रेघ आली म्हणजे जागा महापालिकेची झाली असे मुळीच नाही. ती कराराने, टीडीआरच्या (दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) बदल्यात किंवा २०१३च्या भूसंपादन कायद्याने मोबदला देऊन घ्यावी लागते. भूसंपादनात कलम ११ची प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हरकतीसाठी ६० दिवस असतात. राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनात मात्र फक्त २१ दिवस! तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवायलाच हवा, कारण वर्तमानपत्रातली ती बारीक अक्षरांतली जाहिरात बघेपर्यंत निम्मी मुदत उलटून जाते. मंजूर आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतलीच नाही, तर एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या) कलम १२७खाली मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा घ्या’ अशी लेखी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर जागेवरचे आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नाशिकचा सध्याचा आराखडा २०१७ साली मंजूर झालेला आहे. सूचना द्यायच्या आधी जमिनीच्या कामातला वकील गाठा. या कागदातली चूक महागात पडते.

आदेश कोणी दाखवतच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एवढेच मागा: ‘अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्यावरील एकेरी वाहतुकीच्या आदेशाची, त्याच्या मुदतवाढीची आणि राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत मिळावी.’ ‘का केले’ असे विचारू नका, कागद मागा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते.