वरच्या गेटची मोकळी तार : द्विमितीय पदार्थांच्या संशोधनात येणाऱ्यांसाठी

द्विमितीय पदार्थांवर, म्हणजे अवघ्या काही अणूंच्या जाडीच्या स्फटिकांवर, पीएच.डी. करावी का, असे विचारणारे एम.एस्सी.चे विद्यार्थी बहुधा ग्राफीनची, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनथराची, कहाणी वाचूनच आलेले असतात, त्यामुळे मँचेस्टरमध्ये ग्राफाइटचे थर सोलणारी चिकटपट्टी, 2004 सालचा शोधनिबंध आणि गाइम व नोव्होसेलोव्ह यांना 2010 मध्ये मिळालेले नोबेल पारितोषिक यांविषयी मी येथे पुन्हा लिहीत नाही. ती कहाणी खरी आहे, परंतु तिच्यामुळे साधने साधी म्हणून कामही सोपे असेल, अशी एक चुकीची अपेक्षा मनात घर करते. स्फटिकाचे थर सोलायला दोन-तीन आठवड्यांत जमू लागते. सोललेल्या थरावर मोजलेल्या आकड्यावर विश्वास केव्हा ठेवावा, हे कळायला मला तीन वर्षे लागली आणि त्यांपैकी सात महिने एकाच चुकीत गेले. हा लेख मुख्यतः त्या सात महिन्यांविषयी आहे.

पहिले सहा महिने सूक्ष्मदर्शकाखाली जातील, हे मान्य करूनच या क्षेत्रात या. सिलिकॉनच्या वेफरवरील (चकतीवरील) ऑक्साइडची जाडी योग्य असेल तरच एकस्तर ग्राफीन डोळ्यांना दिसते. 300 नॅनोमीटरऐवजी 315 नॅनोमीटरचा ऑक्साइड घेतला, तर ते जवळजवळ अदृश्य होते. म्हणून वेफरच्या डब्यावर छापलेला आकडा प्रमाण न मानता जाडी स्वतः मोजून घ्यावी. बारीक टोकाने उंची मोजणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शकावरही एकट्यावर भिस्त ठेवू नये, कारण ग्राफीनच्या एका थराची जाडी सुमारे 0.34 नॅनोमीटर असली, तरी खाली अडकलेल्या पाण्यामुळे आणि इतर कारणांनी ती एक नॅनोमीटरपर्यंतही मोजली जाते. मॉलिब्डेनम डायसल्फाइड या द्विमितीय अर्धवाहकाच्या बाबतीत रामन वर्णपटातील (विखुरलेल्या लेसरप्रकाशाच्या वर्णपटातील) दोन शिखरांमधील अंतर अधिक भरवशाचे असते. हे सगळे हाताला लवकर वळते. आजकाल संगणकच छायाचित्रांतून पातळ फ्लेक, म्हणजे सोललेले तुकडे, शोधून देतो. तथापि ज्याने स्वतः किमान हजार फ्लेक पाहिलेले नाहीत, त्याने ही सोय वापरू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण संगणकाची चूक ओळखण्यासाठी लागणारी नजर त्या कंटाळवाण्या तासांतच तयार होते.

आता माझी चूक. माझ्याकडे मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकस्तराचा ट्रान्झिस्टर होता. खाली सिलिकॉनचा मागील गेट (गेट म्हणजे व्होल्टेज देऊन एकस्तरातील प्रवाह कमी-जास्त करणारे टोक), त्यावर 285 नॅनोमीटरचा ऑक्साइड, त्यावर एकस्तर आणि प्रवाह आत-बाहेर नेणारे सोन्याचे दोन संपर्क. या अवस्थेत मागील गेटचे व्होल्टेज बदलून मी मोबिलिटी, म्हणजे इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात याचे माप, काढली, तेव्हा ती सुमारे 6 चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद आली. नंतर त्यावर 30 नॅनोमीटर हॅफ्नियम ऑक्साइड बसवले, वरच्या गेटचा धातू घातला आणि मागील गेटवर उणे 10 ते अधिक 10 व्होल्ट देऊन तीच मोजणी पुन्हा केली. गेटच्या व्होल्टेजनुसार प्रवाह दाखवणाऱ्या वक्राचा चढ कितीतरी पटींनी वाढला होता आणि मोबिलिटी 190 आली. हॅफ्नियम ऑक्साइडची परावैद्युतता जास्त असल्याने ते ऑक्साइडमधील अशुद्ध प्रभारांचा परिणाम झाकून टाकते, असे स्पष्टीकरण मी दिले. ते माझ्या कल्पनेतून आलेले नव्हते. लोझानमधील आंद्राश किश यांच्या गटाने 2011 मध्ये याच पद्धतीच्या ट्रान्झिस्टरमध्ये 200 किंवा त्याहून अधिक मोबिलिटी नोंदवली होती आणि तो निबंध मला जवळजवळ पाठ होता.

एका बाहेरून आलेल्या संशोधिकेने माझा आलेख पाहून एकच प्रश्न विचारला : मोजणी चालू असताना वरच्या गेटची तार कोठे जोडली होती? ती कोठेही जोडलेली नव्हती. मी वरचा गेट वापरत नसल्यामुळे तो मोकळा सोडला होता आणि मोकळा म्हणजे निष्क्रिय, असे गृहीत धरले होते.

येथे मी मुद्दाम सावकाश सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी आज हीच चूक करत असेल. मोबिलिटी काढताना आपण वक्राच्या चढाला गेटच्या धारकतेने, म्हणजे प्रयोगशाळेत ज्याला कपॅसिटन्स म्हणतो तिने, भागतो. 285 नॅनोमीटरच्या ऑक्साइडसाठी ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 12 नॅनोफॅरड येते आणि मी हाच आकडा वापरला होता. परंतु वरच्या गेटचा धातू केवळ चॅनेलवर, म्हणजे दोन संपर्कांमधील एकस्तरावर, संपत नाही. तो पुढे जाऊन तार जोडण्यासाठी केलेल्या 100 मायक्रोमीटर लांबी-रुंदीच्या पॅडपर्यंत पोहोचतो. तो पॅड त्याच ऑक्साइडवर, म्हणजे मागील गेटच्या थेट डोक्यावर बसलेला असतो. पॅड आणि मागील गेट यांच्यातील धारकता सुमारे 1.2 पिकोफॅरड भरते. वरचा गेट आणि माझा 10 चौरस मायक्रोमीटरचा चॅनेल यांच्यातील धारकता साधारण 0.06 पिकोफॅरड होती आणि संपर्कांवर चढलेला भाग धरला तरी तिची बेरीज पॅडपेक्षा पुष्कळ कमी होती. मालिकेत जोडलेल्या दोन धारकांमध्ये व्होल्टेज कसे वाटले जाते, हे बारावीला शिकवलेले असते. त्या हिशेबाने मागील गेटवर एक व्होल्ट दिला की मोकळ्या वरच्या गेटवर जवळजवळ 0.85 व्होल्ट आपोआप येत होता. हा वरचा गेट चॅनेलपासून केवळ 30 नॅनोमीटरवर, शिवाय जास्त परावैद्युततेच्या थरामागे असल्याने त्याची पकड मागील गेटच्या सुमारे 45 पट होती. म्हणजे मी ज्या संख्येने भागायला हवे होते, तिच्या चाळिसाव्या हिश्श्याने भागत होते. हिशेब दुरुस्त केल्यावर मोबिलिटी 5 च्या आसपास आली. हॅफ्नियम ऑक्साइडमुळे ती वाढली नव्हतीच, किंचित घटली होती.

मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळीच होती. मायकेल फ्युरर आणि जेम्स होन यांनी 2013 मध्ये नेमका हाच मुद्दा 2011 च्या निबंधाबाबत त्याच नियतकालिकात मांडला होता आणि प्रत्यक्ष धारकता गृहीत धरलेल्या धारकतेपेक्षा 14 ते 53 पट असू शकते, असे दाखवले होते. किश यांच्या गटानेही त्याच वर्षी हॉल परिणामाच्या (चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडव्या निर्माण होणाऱ्या व्होल्टेजच्या) आधारे नव्याने मोजणी प्रसिद्ध केली. यात कोणाची अप्रतिष्ठा नाही, शास्त्र असेच दुरुस्त होत जाते. मी मूळ निबंध दहा वेळा वाचला होता, पण त्यावर आलेला तो छोटा आक्षेप एकदाही वाचला नव्हता. कृपा करून ही सवय पहिल्याच महिन्यात लावून घ्या : गाजलेला निबंध हाती आला की त्यावरचा पत्रव्यवहार, दुरुस्ती आणि त्याच गटाचा पुढचा निबंध शोधल्याशिवाय त्यातील संख्या स्वतःच्या वहीत उतरवू नका.

उपाय कठीण नाहीत, याचा धीर बाळगा. मागील गेटचे व्होल्टेज बदलताना वरचा गेट जमिनीला जोडावा. दोन्ही गेटचे व्होल्टेज स्वतंत्रपणे बदलून उंबरठ्याचे व्होल्टेज (ज्यावर ट्रान्झिस्टर चालू होतो ते) किती सरकते ते पाहिले, तर दोन धारकतांचे गुणोत्तर थेट मिळते. त्याच चिपवर एक मोठा चाचणी-धारक तयार करून ठेवावा. शक्य असेल तेव्हा हॉल परिणाम मोजावा, कारण त्यातून वाहकांची घनता धारकतेच्या मदतीशिवाय समजते. आणि दोनच संपर्कांवर मोजलेल्या मोबिलिटीवर कोणी कितीही आग्रह केला तरी शोधनिबंध लिहू नये. संपर्काचा रोध त्यात मिसळलेला असतो.

मार्गदर्शक निवडताना विद्यार्थी प्रसिद्धी पाहतात. मी सांगेन की ते कच्ची माहिती मागतात की तयार आलेख, एवढे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. माझे सात महिने गेले, त्याचे एक कारण आमच्या बैठकीत केवळ अंतिम आकडा पाहिला जात असे. आपल्या विद्यापीठात स्वच्छ खोली (अशी उपकरणे घडवण्याची धूळविरहित प्रयोगशाळा) नाही म्हणून खचून जाऊ नका. भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई येथील नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्ता कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांना प्रशिक्षण आणि उपकरणे मिळू शकतात. मराठवाड्यातील एका महाविद्यालयातून आलेल्या मला इलेक्ट्रॉन लिथोग्राफीचे (इलेक्ट्रॉनांनी सूक्ष्म आकृत्या रेखणारे) यंत्र प्रथम पाहायला मिळाले, ते अशाच एका प्रशिक्षणात.

विषय कोणता घ्यावा, यावर माझे मत थोडे एकांगी आहे. 2018 मध्ये एमआयटीतील पाब्लो हारिलो-हेरेरो यांच्या गटाने सुमारे 1.1 अंशाने पिळलेल्या दोन ग्राफीन थरांत अतिसंवाहकता दाखवली, तेव्हापासून प्रत्येकाला पिळलेले थरच हवे आहेत. ते काम सुंदर आहे, पण त्यासाठी लागणारी अतिशीत उपकरणे आणि ग्राफीनभोवती ठेवायचे निर्दोष बोरॉन नायट्राइड हे विद्युतरोधक स्फटिक तुमच्या प्रयोगशाळेत आहेत का, हे आधी पाहा. जगभरातील असंख्य गट ते स्फटिक जपानमधील त्सुकुबा येथील वातानाबे आणि तानिगुची यांच्याकडूनच घेत आले आहेत. त्या मानाने संपर्कांचा प्रश्न नवख्याला अधिक देऊन जातो. 2021 मध्ये बिस्मथच्या संपर्काने एकस्तर मॉलिब्डेनम डायसल्फाइडमधील संपर्करोध 123 ओहम-मायक्रोमीटरपर्यंत उतरला आणि 2025 मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातून याच पदार्थाच्या 5,900 ट्रान्झिस्टरांचा 32 बिटांचा प्रोसेसर आला. एकेका फ्लेकपासून येथवरचा प्रवास संपर्क, ऑक्साइडचे थर आणि एकसारखेपणा यांवर चिकाटीने केलेल्या कामामुळे झाला आहे आणि त्या कामाला अजूनही माणसे कमी पडतात.

माझ्या प्रबंधातील तक्त्यात त्या ट्रान्झिस्टरची मोबिलिटी 4.7 अशी छापली आहे आणि शेजारी मोजणीच्या वेळची जोडणी, वरच्या गेटच्या तारेसह, रेखाटलेली आहे. आमच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात मी तेच चित्र हाताने काढायला लावते आणि प्रत्येक टोक कोठे जाते, हे त्यांनी मला तोंडी सांगितल्यानंतरच त्यांच्या हाती प्रोब (मोजणीच्या सुया) देते.