बालकलाकाराची फाईल: पहिल्या ऑडिशनपासून अठराव्या वाढदिवसापर्यंत

बालकलाकाराचं काम सुरू होतं तेव्हाच ते साधारण कधी थांबणार हेही ठरलेलं असतं. मुलाचा आवाज फुटला, किंवा मुलीची उंची पडद्यावरच्या आईच्या खांद्याला लागली, की फोन कमी होतात. बहुतेकांवर ही वेळ बारा ते चौदाच्या दरम्यान येते. म्हणून नाशिकच्या पालकांनी पहिल्या दिवसापासून एक फाईल करावी. अठराव्या वर्षी ती मुलाच्या हातात दिली की त्यात शाळेचे निकाल, बँकेच्या पावत्या, करारांच्या प्रती आणि कामाचे पुरावे असं सगळं निघालं पाहिजे.

नाशिकला बालकलाकार नवे नाहीत. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदासाचं काम आपल्याच मुलाला, भालचंद्रला दिलं. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. तिथे बाप आणि निर्माता एकच माणूस होता. आता ते दोघं वेगळे असतात आणि दोघांचं हित प्रत्येक वेळी एक नसतं. फाईल लागते ती त्यासाठी.

आधी रंगमंच

कॅमेऱ्यासमोर नेण्याआधी मुलाला वर्षभर नाटकात घाला. उन्हाळी सुट्टीतली बालनाट्य शिबिरं आणि सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा ही त्यासाठी सरळ वाट. कालिदास कलामंदिरात किंवा परशुराम साईखेडकर नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय लागली, की कॅमेऱ्यासाठी तो खाली आणणं जमतं. उलटं करायला फार वेळ जातो. शिवाय विंगेत गप्प बसून आपल्या पाळीची वाट बघणं मुलं इथे शिकतात, आणि सेटवरचा निम्म्याहून जास्त वेळ वाट बघण्यातच जातो. प्रत्येक प्रयोगाची छापील पत्रिका, ज्यात मुलाचं नाव आहे ती, फाईलमध्ये लावा. ती कशाला, ते शेवटी येईलच.

ऑडिशनचा व्हिडिओ

फोन आडवा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर. मागे साधी भिंत. खिडकी मुलाच्या समोर असावी. पाठीमागे असेल तर चेहरा काळा येतो. कपडे एकरंगी, त्यावर चित्र किंवा मोठी अक्षरं नकोत, आणि शाळेचा गणवेश तर नकोच. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव, मग दोन्ही बाजूंनी चेहरा, मग प्रसंग. एकूण दीड मिनिट पुरे. समोरच्या पात्राची वाक्यं वाचणाऱ्याने फोनच्या अगदी शेजारी उभं राहावं, पण हळू बोलावं. माईक त्याच्या जवळ असतो, त्यामुळे अनेक व्हिडिओत मुलापेक्षा आईच जास्त ऐकू येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हावभावांसकट पाठ करून घेणं. दिग्दर्शक म्हणतो, ‘आता हेच जरा रागावून बोल,’ आणि मूल अडतं, कारण घरी एकच चाल पक्की केलेली असते. त्याऐवजी रोज दहा मिनिटं एकच वाक्य तीन तऱ्हांनी बोलून घ्या. ‘आई, मी खेळायला जाऊ?’ हे आधी लाडात, मग आई चिडलेली आहे असं समजून, मग अभ्यास झालेला नसताना. कसं बोलायचं ते करून दाखवू नका. परिस्थिती सांगा, बाकीचं मूल शोधतं. फोटो दर तीन महिन्यांनी नवे काढा. वर्षापूर्वीचा फोटो बघून बोलावलेलं मूल चार बोटं वाढलेलं निघालं, की मुंबईची फेरी फुकट जाते.

पैसे मागणारं ऑडिशन

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. नोंदणी फी, पोर्टफोलिओ सक्तीचा, ‘निवड झाली आहे, फक्त कार्डाचे पैसे भरा’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवायचा. खरा को-ऑर्डिनेटर, म्हणजे कलाकाराला काम मिळवून देणारा मध्यस्थ, काम मिळाल्यावर त्यातून टक्केवारी घेतो; २० ते २५ टक्के हा प्रचलित दर. ती एकूण रकमेवर की कर कापून उरलेल्या रकमेवर, हे आधीच लिहून घ्या. मुलाला एकट्याला आत पाठवा, पालक बाहेर थांबतील, अशी अट असेल तर तिथूनच परत फिरा. संशयास्पद काही घडलं तर १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक आहे.

परवानगी आणि तास

बालकामगार कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना चित्रपट, मालिका, जाहिरातीत काम करायची सूट दिली, आणि २०१७ च्या नियमांनी त्या सूटीला अटी घातल्या. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जिथे चित्रीकरण आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची. त्यासोबत नमुना ‘क’मधलं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेला जबाबदार असलेल्या माणसाचं नाव द्यायचं. हमीपत्र सहा महिने चालतं. असा एक जबाबदार माणूस जास्तीत जास्त पाच मुलांमागे हवा.

नाशिकमध्ये मालिकेचा सेट असेल तर अर्ज इथल्या कचेरीत जातो. गोरेगावला असेल तर मुंबई उपनगरच्या. ‘आमची नाशिकची परवानगी आहे, तीच चालेल’ हे चालत नाही. अर्ज निर्मात्याचं काम असलं तरी त्याची प्रत पालकांनी मागून घ्यावी. देताना टाळाटाळ झाली, तर परवानगी काढलेलीच नाही असं समजायला हरकत नाही.

तासांची नोंद स्वतः ठेवा. साधी वही पुरते: पोचल्याची वेळ, मेकअपला बसल्याची, पहिल्या टेकची, प्रत्येक सुट्टीची, पॅकअपची. मालिकेची शिफ्ट बारा तासांची असते आणि मुलाचे प्रसंग तिच्यात विखुरलेले असतात: दोन सकाळी, एक संध्याकाळी. मधले सहा तास मूल ‘मोकळं’ आहे असं सेटवर धरलं जातं, पण ते त्याच खोलीत, त्याच कपड्यांत ताटकळत असतं. आदल्या रात्रीच सहायक दिग्दर्शकाला फोन करून मुलाचे प्रसंग एकापाठोपाठ लावायला सांगा. नम्रपणे पण दर वेळी सांगितलं तर बहुतेकदा जमवतात.

कसारा घाटाचा हिशोब

नाशिकहून गोरेगाव गाठायला चार तास धरा. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून घाट सुटला आहे, पण पुढची भिवंडी-ठाण्याची गर्दी आहे तशीच आहे. सकाळी नऊच्या कॉलसाठी, म्हणजे नऊला सेटवर हजर व्हायचं असेल तर, पंचवटी एक्सप्रेस उपयोगाची नाही. ती दादरला पोचेपर्यंत वेळ उलटून जाते. आठ तास प्रवास आणि पाच तास काम मिळून तेरा तास झाले. प्रवास त्या पाच तासांत कुणी धरत नाही, तो मुलाच्या अंगावर निघतो. तिसऱ्या टेकला डोळे लाल आणि वाक्य विसरलेलं मूल हे बहुधा पहाटे साडेचारला उठवलेलं असतं. सलग दोन दिवस काम असेल तर आदल्या रात्री मुक्काम हवाच, आणि त्याचा खर्च कोण देणार हे करारात लिहिलेलं हवं.

पडलेला दात

सहा ते दहा वयाच्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांना ठाऊक असलेली एक अडचण पालकांना मात्र ऐनवेळी कळते: दुधाचे दात. प्रसंगाचा अर्धा भाग सोमवारी झाला, रविवारी समोरचा दात पडला, आणि उरलेला अर्धा पुढच्या मंगळवारी. पडद्यावर मूल दारातून आत येताना दात आहे, पाटावर बसताना नाही. म्हणून हलणारा दात दिसला की त्याच दिवशी कळवा. दिग्दर्शक जवळचे शॉट आधी उरकून घेतो, किंवा दंतवैद्याकडून काढघालीचा खोटा दात बसवून घेतो. केस कापणं, मेंदी, गुडघ्यावरचं खरचटणं, उन्हात खेळून रापलेला चेहरा हेही तसंच. चित्रीकरण चालू असेपर्यंत न विचारता न्हाव्याकडे जायचं नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. चित्रीकरण आणि डबिंग यांत काही महिने सहज जातात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज तेवढ्यात फुटतो आणि मग दुसऱ्याच मुलाचा आवाज लावावा लागतो. या वयात करारात डबिंगची मुदत लिहून घ्या. आवाज फुटत असताना ‘लहान मुलासारखं बोल’ म्हणून ताणायला लावू नका, घसा कायमचा बिघडू शकतो.

पैसे

अल्पवयीन मुलाला करार करता येत नाही, त्यामुळे सही पालकांची. पैसे मात्र मुलाचे. सुरुवातीलाच मुलाच्या नावाचं पॅन काढा. त्यावर फोटो आणि सही नसते, ते अठरानंतर येतं. सोपं पडतं म्हणून मोबदला आईच्या खात्यात आणि आईच्या पॅनवर घेतला, की आयकराच्या नोंदीत ती आईची कमाई होते आणि नंतर निस्तरताना सीएची फी भरत बसावं लागतं.

२०१७ चे नियम सांगतात की मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जावेत, आणि ते सज्ञान झाल्यावर त्याला मिळावेत. समजा दिवसाला ४,००० रुपये आणि महिन्यात १२ दिवस काम. झाले ४८,०००. टीडीएस (पैसे देताना आधीच कापला जाणारा आयकर) १० टक्के, म्हणजे ४,८००. को-ऑर्डिनेटर २० टक्के, म्हणजे ९,६००. ठेवीचे २० टक्के पूर्ण ४८,००० वर मोजा, हातात आलेल्या रकमेवर नाही, तेही ९,६००. उरले २४,०००, आणि त्यातून प्रवास, मुक्काम, शिकवणी. हा कागद एकदा डोळ्यांखालून घातला, की नोकरी सोडून मुलाच्या कमाईवर घर चालवायचा विचार आपोआप मागे पडतो. मालिकांचे पैसे यायला तीन महिने लागणं नेहमीचंच, म्हणून प्रवासखर्चाची वेगळी तजवीज हवी.

ठेवीची मुदत साधारण दहा वर्षांपर्यंतच मिळते. सात वर्षांच्या मुलाला अठरा व्हायला अकरा वर्षं आहेत, त्यामुळे आपोआप नूतनीकरणाची सूचना बँकेत लेखी द्या.

करात एक बारकावा आहे. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी पालकांच्या उत्पन्नात मिळवतात, पण स्वतःच्या कलेतून मिळवलेल्या पैशांना तो नियम लागू नाही. मोबदल्याचं विवरणपत्र मुलाच्या पॅनवर, पालकांनी प्रतिनिधी म्हणून भरायचं. ते दरवर्षी भरलं नाही तर कापलेला टीडीएस परत मिळायचा राहून जातो. त्याच पैशांच्या ठेवीवरचं व्याज मात्र ज्या पालकाचं उत्पन्न जास्त त्याच्या हिशोबात जातं.

मुलाच्या कमाईतला वाटा राखून ठेवायचा विचार जगात जुना आहे. चॅप्लिनबरोबर १९२१ मध्ये गाजलेल्या जॅकी कूगनची बहुतेक कमाई तो सज्ञान होईपर्यंत घरच्यांनीच संपवली होती. त्याने कोर्टात धाव घेतली आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या पैशांचा कायदा झाला.

करारात आणखी तीन ओळी तपासा: जाहिरात किती काळ आणि कुठे कुठे दाखवणार, दुसरं काम घ्यायला बंदी आहे का, आणि मुलाचा चेहरा किंवा आवाज संगणकावर नव्याने तयार करून वापरायचा हक्क कुणी मागितला आहे का. तिसरी ओळ दिसली तर खोडा.

शाळा

जूनमध्येच मुख्याध्यापकांना लेखी कळवा. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, त्या दोन वर्षांत मार्च-एप्रिलच्या तारखा देऊ नका. दहावीला ७५ टक्के हजेरी लागते. ती जमणार नसेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी बसता येतं. पण केवळ मालिकेसाठी तसं करणं आमच्या मते महागात पडतं. मालिका कधीही बंद होते आणि मूल ना वर्गात राहतं ना सेटवर.

फोन थांबल्यावर

चौदा ते अठरा हा काळ जवळपास कोरडा जातो. पंधरा वर्षांच्या भूमिकेला शाळा-परीक्षेची अडचण नसलेला एकोणीस वर्षांचा नट निर्मात्याला सोयीचा पडतो. मुलात काही कमी आहे असा याचा अर्थ नाही, आणि हे मुलाला वर्षभर आधीच सांगून ठेवावं. या काळात पुन्हा नाटक, वाचन, संकलन शिकणं, दुसऱ्या भाषेवर हात बसवणं. ‘हा माझा मार्ग एकला’ (१९६३) मध्ये बालकलाकार म्हणून आलेले सचिन पिळगावकर पुढे नायकही झाले आणि १९८२ पासून दिग्दर्शकही. पण ते उदाहरण विरळा म्हणूनच सांगितलं जातं.

पुढे याच क्षेत्रातल्या मोठ्या संस्थांत शिकायचं असेल तर बहुधा आधी पदवी लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवीबरोबर किमान सहा नाटकांचा अनुभव हवा असतो. लहानपणापासून लावलेल्या नाटकांच्या पत्रिका इथे बाहेर काढायच्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटलाही अभिनयासाठी पदवी लागते. बारावीनंतर लगेच शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर महिन्याभरात उरकायची कामं: पॅनवर फोटो आणि सही, बँकेत नवी केवायसी (तोवर पालकांना ते खातं चालवता येत नाही), ठेवी मुलाच्या सहीने, आयकराच्या संकेतस्थळावर स्वतःचा मोबाईल क्रमांक, आणि आजवर पालकांनी चालवलेल्या इन्स्टाग्राम खात्याचा पासवर्ड. तो दिल्यावर मुलाने जुने फोटो काढून टाकले, तर का म्हणून विचारू नका.