चांगल्या हवेत एकट्याने आठ माथे: फेअरफिल्ड हॉर्सशू एका दिवसात कसा करायचा

उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये डोंगरांना फेल म्हणतात, आणि तिथे एका दिवसात एकाच धारेवरून ओळीने माथे गाठत जायचं असेल तर पहिल्यांदा एकट्याने निघणाऱ्याला मी डोळे झाकून फेअरफिल्ड हॉर्सशूच सांगेन. ॲम्बलसाइडहून निघायचं, रायडलच्या दरीला घोड्याच्या नालेसारखा वळसा घालायचा आणि परत ॲम्बलसाइडलाच यायचं, वाटेत नॅब स्कार, हेरन पाइक, ग्रेट रिग, फेअरफिल्ड, हार्ट क्रॅग, डव्ह क्रॅग, हाय पाइक आणि लो पाइक असे आठ माथे. अंतर साधारण १६-१७ किलोमीटर, एकूण चढाई हजार मीटरच्या थोडी वर, सगळ्यात उंच फेअरफिल्ड ८७३ मीटर. हे सगळं मे ते सप्टेंबरमधल्या स्वच्छ दिवसासाठी लिहितोय, बर्फाचा विषय पूर्ण वेगळा.

चांगल्या हवेत एकटं जाताना जपायचं ते या बाबतीत की सगळं फार सोपं वाटायला लागतं. सगळं दिसतंय म्हणून नकाशा बॅगेतून निघतच नाही, पाय हलके म्हणून वेग वाढत जातो, आणि सोबत कोणी नाही म्हटल्यावर "जरा थांबूया का" असं विचारणारंही कोणी नसतं. म्हणून थांबायचं कुठे, पाणी कधी प्यायचं, परत कधी फिरायचं हे आदल्या रात्रीच ठरवून कागदावर लिहून टाका, धारेवर गेल्यावर ठरवू म्हणाल तर ठरत नाही.

वेळेचा हिशोब असा करायचा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक नियम दिला तो अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. इथे १७ किलोमीटरचे साधारण साडेतीन तास, चढाईचे पावणेदोन, म्हणजे सव्वापाच तास नुसतं चालणं, त्यात बसणं-खाणं-बघणं धरा आणि सात तास मोकळे ठेवा. सकाळी आठला निघालात तर दुपारी बाराच्या आसपास फेअरफिल्डवर असायला हवं. दीड वाजला आणि अजून ग्रेट रिगवरच आहात तर तिथूनच खाली. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो त्यामुळे अंधाराची भीती नाही हे खरं, पण प्रश्न उजेडाचा नाहीच, पायांचा आणि बाटलीत उरलेल्या पाण्याचा आहे.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो कारण लोक इथेच कमी पडतात. एकदा धारेवर चढलात की भरवशाचा झरा नाही आणि सावली तर नाहीच, एक झाड नाही. गरम दिवस असेल तर अडीच-तीन लिटर घेऊनच निघा, वजन वाटेल, वाटू दे. वाटेत कुठे डबकं दिसलं तर ते मेंढ्यांचं समजा, फिल्टर असल्याशिवाय तोंडाला लावू नका. अर्धं पाणी फेअरफिल्डवर पोचेपर्यंत प्यायलेलं असलं पाहिजे, साठवून साठवून शेवटी प्यायलात तर डोकं आधीच दुखायला लागलेलं असतं. टोपी, सनस्क्रीन, कानांच्या मागे आणि मानेला सुद्धा, कारण वर गार वारा असतो आणि ऊन लागतंय हे कळतच नाही.

बाकी बॅगेत काय: वारा-पावसाचं जॅकेट, एक गरम थर (हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, वर घाम आलेला आणि वारा, बसलात की थंडी वाजते), हेडटॉर्च, शिट्टी, छोटं फर्स्ट एड, पूर्ण चार्ज फोन आणि पॉवर बँक, खायला जे चालताना खाता येईल ते. कागदी नकाशा आणि होकायंत्र पाहिजेच. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा नकाशा घ्या, त्यात दगडी भिंतीसुद्धा दाखवलेल्या असतात आणि या वाटेवर भिंत फार कामाची आहे.

निघायच्या आधी एका माणसाला पूर्ण वाट मेसेज करा, कुठून कुठे, कुठल्या दिशेने, खाली किती वाजता येणार, आणि किती वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर त्याने ९९९ ला (ब्रिटनचा आणीबाणीचा नंबर) फोन करायचा. ही शेवटची वेळ लिहिलेली नसेल तर तो बिचारा रात्रभर विचार करत बसेल की आता फोन करू का थोडं थांबू.

आता वाट. बरेच जण लो पाइककडून चढतात, मी मात्र उलट सांगेन, रायडलकडून. ॲम्बलसाइडहून रायडल पार्कमधली सपाट वाट घेतली की रायडल माउंटपाशी पोचता, कवी वर्ड्सवर्थ १८१३ पासून १८५० मध्ये वारला तोपर्यंत इथेच राहायचा, आणि घराच्या पुढूनच नॅब स्कारचा चढ सुरू. हा चढ उभा आहे, दगड बसवून पायऱ्यांसारखी केलेली वाट, आणि म्हणूनच तो सकाळी ताज्या पायांनी चढावा, संध्याकाळी थकलेल्या गुडघ्यांनी उतरू नये. इथे वेग असा ठेवा की स्वतःशी एक पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल. एकट्याने हे करून बघा, कोणी ऐकत नाही.

नॅब स्कारच्या वर आलात की दिवसाचं सगळ्यात कठीण काम झालं, पुढे हेरन पाइक (६१२) आणि ग्रेट रिग (७६६) धारेवरून हळूहळू वर वर. मागे वळून बघत जा, विंडरमियर तळं दक्षिणेला लांबच लांब पसरलेलं दिसतं. आणि इथेच नकाशाचा सराव करा. प्रत्येक माथ्यावर नकाशा उत्तरेला लावा, पुढचा माथा कुठला ते आधी नकाशात बघा, मग डोळ्यांनी, मग होकायंत्राने दिशा ताडून घ्या. स्वच्छ हवेत हे शिकायला सगळ्यात सोपं, कारण चुकलात तर समोर दिसतंच. धुक्यात शिकायला गेलात तर चुकलंय हेही कळत नाही.

परतीच्या वाटा पाठ असू द्या. ग्रेट रिगवरून नैऋत्येला स्टोन आर्थरमार्गे ग्रासमियरला उतरता येतं. फेअरफिल्डवरून पश्चिमेला ग्राइझडेल टार्नकडे (टार्न म्हणजे डोंगरातलं छोटं तळं) आणि तिथून ग्रासमियरला. ग्रासमियरहून ५५५ नंबरची बस ॲम्बलसाइडला येते. पलीकडच्या बाजूला डव्ह क्रॅगवरून पूर्वेला स्कँडेल पासकडे उतरून दरीतून ॲम्बलसाइड गाठता येतं. मधे रायडल दरीत सरळ उतरायचा विचार मात्र करू नका, वरून हिरवंगार दिसतं पण दरीचं डोकं उभं आणि कड्यांचं आहे.

फेअरफिल्डचा माथा म्हणजे मोठं दगडी पठार, ठिकठिकाणी दगडांच्या राशी, त्यामुळे कुठली रास कुठल्या वाटेची हे सांगता येत नाही, आणि उत्तरेला सरळ कडे. ऊन असलं तरी पोचल्या पोचल्या हार्ट क्रॅगची दिशा होकायंत्रावर लावून ठेवा आणि मगच डबा उघडा. एखादा ढग टेकला तर पाच मिनिटांत सगळं सारखंच दिसायला लागतं.

इथे मोहही होतो. स्वच्छ हवेत हेलवेलिन (९५० मीटर) हाताच्या अंतरावर वाटतो, वाटतं आलोच आहोत तर तोही करून टाकू. कंटूर म्हणजे नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा मोजा. ग्राइझडेल टार्न साधारण ५४० वर आहे, म्हणजे आधी ३३० मीटर खाली, मग ४१० मीटर वर, आणि ॲम्बलसाइड आणखी लांब गेलं ते वेगळंच. त्याच्यासाठी वेगळा दिवस काढा, तो डोंगर त्या लायकीचा आहे.

फेअरफिल्डवरून खिंडीत उतरून हार्ट क्रॅग (८२२), मग डव्ह क्रॅग (७९२), आणि इथून दगडी भिंत सोबतीला येते ती हाय पाइक, लो पाइक करत थेट खालपर्यंत. थकल्यावर अशी सोबत असणं ही फार मोठी गोष्ट. भिंतीवर चढू मात्र नका, सिमेंट-चुना काही नसतो, नुसते दगडावर दगड रचलेले, एक निसटला की शेतकऱ्याचं काम वाढतं आणि तुमचा घोटा जातो. जिथे स्टाइल (भिंत ओलांडायला केलेल्या पायऱ्या) किंवा गेट असेल तिथूनच ओलांडा. अधेमधे ओली दलदल लागते, कोरड्या आठवड्यातही. लो पाइकच्या खाली भिंतीलगत एक छोटा खडकाळ टप्पा येतो, तिथे घाई नको, हात वापरा, तोंड खडकाकडे करून उतरा किंवा वळसा घाला. अपघात बहुतेक अशाच ठिकाणी होतात, सगळं झालं असं मन म्हणत असताना.

काही झालंच तर ९९९ किंवा ११२, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. ही सगळी स्वयंसेवक मंडळी आहेत, पैसे घेत नाहीत, म्हणून उगाच बोलावू नका पण खरंच लागलं तर संकोचही नको. ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून काढलेला तुमच्या जागेचा आकडा, सांगता आला पाहिजे. रेंज कमी असेल तर ९९९ ला मेसेजही जातो, पण त्यासाठी नंबर आधी रजिस्टर करावा लागतो, 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ ला पाठवायचा आणि उत्तरात येईल तसं करायचं, आजच करा. फोन गेला तर शिट्टी: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, परत सहा. उत्तरादाखल तीन शिट्ट्या येतात, त्या आल्या तरी तुमच्या थांबवू नका, शोधणारे जवळ येईपर्यंत चालू ठेवा.

खाली लो स्वीडन ब्रिज ओलांडलात की गाव आलंच. पहिल्यांदा त्या माणसाला मेसेज, मग खाणं-पिणं, आणि रात्री अंघोळीच्या वेळी गुडघ्यांच्या मागे, कमरेपाशी, काखेत गोचीड चिकटलेत का बघा. चिकटलेला असेल तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा, पिळू नका, जाळू नका, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरला दाखवा.