कलेक्शनवाल्यांना पैसे देण्याआधी

अमेरिकेत वर्ष-दोन वर्षं काढली की आपल्यातल्या बऱ्याच जणांना कलेक्शनवाल्यांचा, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्या एजन्सीचा, फोन येतो. अनोळखी नंबर, पलीकडे गोड आवाज: "तुमच्या नावावर ४१८ डॉलर थकलेत, आत्ता कार्डनं भरून टाकता का?" निघतं काय, तर इमर्जन्सी रूमचं जुनं बिल, सोडलेल्या अपार्टमेंटच्या रंग-सफाईचा खर्च, नाहीतर परत न केलेला इंटरनेटचा मोडेम. तुम्ही डॅलसहून एडिसनला आलात आणि बिलं मात्र जुन्याच पत्त्यावर जात राहिली.

अशा वेळी आपले संस्कार आडवे येतात. कुणाचं देणं ठेवायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं असतं की शरमेनं कार्ड काढलं जातं. पैसे जातात, पण वैद्यकीय बिल सोडलं तर क्रेडिट रिपोर्टवरची, म्हणजे तुमच्या उधारी-परतफेडीच्या नोंदवहीतली, नोंद काही जात नाही. तिच्यापुढे फक्त 'पेड' असं लागतं आणि मूळ थकबाकीपासून साधारण ७ वर्षं ती तिथेच बसते. कर्ज देणारे तुमची पत बघतात तो फिको स्कोअर; त्याच्या फिको ९ सारख्या नव्या आवृत्तीत भरलेलं कलेक्शन, म्हणजे वसुलीला गेलेलं देणं, धरत नाहीत, हे खरं. पण घराच्या कर्जासाठी बरीच वर्षं फिकोच्या जुन्या आवृत्त्याच बघितल्या जात आल्या आहेत आणि त्यांत ते नडतं.

म्हणून फोनवर "हो, ते माझंच" असं म्हणू नका, बँकेचा नंबर तर मुळीच देऊ नका. "जे काही आहे ते लेखी पाठवा," एवढं बोला आणि ठेवून द्या. १९७७ च्या फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस अ‍ॅक्टप्रमाणे पहिल्या संपर्कापासून ५ दिवसांत त्यांनी देण्याचा तपशील द्यायचा असतो. तो हाती पडल्यापासून ३० दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतलीत, तर पुरावा देईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. हरकत सर्टिफाइड मेलनं पाठवा, पोचपावती जपून ठेवा. अटकेची किंवा डिपोर्ट करण्याची धमकी कुणी दिलीच, तर घाबरू नका. अशी खोटी धमकी देणं बेकायदा आहे, आणि असं बोलणारा बहुतेक वेळा भामटाच असतो.

बिल हॉस्पिटलचं असेल तर कलेक्शनवाल्याशी घासाघीस करण्याआधी हॉस्पिटलच्या बिलिंग ऑफिसला फोन लावा. इन्शुरन्सचा नंबर चुकीचा पडल्यामुळे क्लेमच गेलेला नाही, असं कितीदा तरी निघतं. अशा वेळी खातं कलेक्शनवाल्याकडून परत मागवून क्लेम इन्शुरन्सला पाठवायला सांगा. हॉस्पिटल नॉनप्रॉफिट असेल तर त्यांना आर्थिक मदतीची योजना ठेवावीच लागते आणि पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत तिचा अर्ज घ्यावा लागतो. मागायला लाजू नका. शिवाय २०२३ पासून क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या तिन्ही ब्यूरोंनी, म्हणजे इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियननं, ५०० डॉलरच्या आतली वैद्यकीय कलेक्शनं काढून टाकली आहेत. भरलेली तर २०२२ पासूनच दाखवत नाहीत. तेव्हा वरचे ४१८ डॉलर हॉस्पिटलचे असतील, तर रिपोर्ट साफ करण्यासाठी सौदा करण्याची गरजच नाही.

अपार्टमेंट किंवा मोडेमचं मात्र तसं नाही. देणं खरंच तुमचं असेल तर वाटाघाटीला बसा: पैसे भरतो, पण रिपोर्टवरची नोंद काढून टाका. इथे त्याला 'पे फॉर डिलीट' म्हणतात. ब्यूरोंना हा प्रकार आवडत नाही आणि एजन्सीवर तसं करण्याचं बंधनही नाही, पण बऱ्याच एजन्सी तयार होतात, विशेषतः ज्यांनी ते कर्ज मूळ कंपनीकडून पडत्या भावात विकत घेतलेलं असतं. रक्कम लहान असेल तर ती कमी करण्यासाठी भांडू नका, नोंद काढण्यासाठी भांडा, असं माझं मत. पत्र चार ओळींचं पुरे: "हे देणं मी मान्य करत नाही. तरीही प्रकरण मिटवण्यासाठी ४१८ डॉलर भरायची तयारी आहे, मात्र पैसे मिळाल्यावर ३० दिवसांत तिन्ही ब्यूरोंकडून ही नोंद काढली जाईल, असं तुमच्या लेटरहेडवर आधी लिहून द्या." "पैसे आले की बघू" असं म्हणाले, तर सुपरवायझर मागा किंवा आठवड्यानं पुन्हा लिहा. कागद हातात आला की मगच मनीऑर्डर किंवा कॅशियर्स चेक पाठवा.

दीड महिन्यानं अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर तिन्ही रिपोर्ट बघा, तिथे दर आठवड्याला फुकट मिळतात. नोंद तशीच असेल तर ते पत्र जोडून ब्यूरोकडे डिस्प्यूट टाका. त्यांना साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो.

फार जुन्या देण्यात मात्र "थोडे तरी भरतो" म्हणून ५० डॉलर टाकू नका. बऱ्याच राज्यांत दाव्याची मुदत त्यामुळे नव्यानं सुरू होते. आणि तडजोडीत ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त माफ झाले, तर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला १०९९-सी फॉर्म येऊ शकतो. माफ झालेली रक्कम सहसा उत्पन्नात धरली जाते, त्यामुळे तो टॅक्सच्या कागदांत ठेवा आणि सीपीएला, म्हणजे टॅक्स बघणाऱ्या हिशेबनीसाला, दाखवा.